वळसा

केबल तुटली त्या रात्री
नुकुआलोफात दिवे होते, फोन होते,
दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे उभा होता.
फक्त त्याचं नाव कुठे राहतं
हे बेटावर कुणालाच सांगता येईना.
ते विचारायला आम्ही रोज
ऑकलंडला जात होतो म्हणे,
पापणी लवायच्या आत परतही येत होतो.
कळसा काखेत, वळसा अख्ख्या समुद्राला.

तेव्हापासून लोसालिने नावांची एक प्रत
इथेच ठेवते, टपाल कचेरीच्या मागे,
घुरघुरणाऱ्या यंत्रात.
दुसरी आपियात, तिसरी सुवात,
शेजारणीकडे किल्ली ठेवावी तशी.

आणि प्रत्येक नावावर सही.
कारण मागे बँकेचं नाव सांगत
भलताच कुणी दारात आला
आणि तिच्या मामाने
बोटीसाठी साठवलेले पैसे
त्याच्या हातावर मोजले.

परवा सहीची किल्ली बदलायची होती.
पाचजण हवे, चार आले.
सेमिसी वावाऊहून निघालेला, समुद्र खवळलेला.
थांबलो. कुणीतरी रताळी उकडली,
तिजोरीला टेकून खाल्ली.

पहाटे तो आला, ओलाचिंब,
कार्ड छातीशी, दोन पिशव्यांत गुंडाळलेलं.
लोसालिने त्याच्या वर्गात होती, सातवीपर्यंत.
तरी वही उघडून, न हसता,
तिने विचारलं:
नाव?