उधाणाची वही

वही मुलाची, चौथीतली, अर्धी कोरी.
मागून उघडली, रकाने आखले:
तिथी, तारीख, पाणी कुठवर.
तिथी शेवंतकाकी सांगते,
तारीख तुषार मोबाइलात बघतो,
पाणी मी बघते, बांधावरच्या चुन्याच्या रेघेशी.

अमावास्या. दोन बोटं वर.
पुनव. उघाडीच्या फळ्यांवरून आत.
वारा नव्हता, तरी आत.
काकी म्हणाली, आचऱ्याच्या खाडीचं हे पाणी
आमच्या वेळी पाहुण्यासारखं यायचं,
जेवायचं, जायचं.
आता घरजावई झालंय.
सगळ्या हसल्या. मी तेही लिहिलं.

तुषारनं माती बाटलीत घोळली, यंत्र बुडवलं.
काकीनं चिमूटभर जिभेवर ठेवली
आणि आकडा उमटायच्या आत थुंकली.
"वरच्या सहा कुणग्यांत खारं भात तरेल.
खालचा सोडा."

खालचा कुणगा माझा.

कुणी माझ्याकडे बघितलं नाही.
मी पट्टी धरून रेघ ओढत राहिले,
रेघ संपली होती तरी.

आता तिथं तिवरांची रोपं आहेत, गुडघ्याएवढी,
आणि गटाच्या पेट्यांत कुर्ल्या.
परवा एकीनं अंगठा धरला, सोडीना.
तुषार धावत आला. म्हटलं, थांब जरा,
तिचं चुकत नाही.

नवा रकाना आखलाय: पेटी, वजन, भाव.
लावणीच्या दिवशी मात्र
सगळ्या वर वळल्या, नि माझे पाय
आपसूक खाली उतरले.
हातात तरव्याची एक मूठ,
वहीत न लिहिलेली.