पंच्याऐंशी की एकशेदहा

शोरूममधल्या पोराचं आडनाव पगार.
माझ्याच पगाराची स्लिप हातात धरून म्हणाला,
"इंजिन एकच, मॅडम. दीड लिटर डिझेल.
पंच्याऐंशी घोडे नाहीतर एकशेदहा.
फरक एक लाख अठरा हजार."
आणि भालचंद्रकडे वळून,
"सर, तुम्हाला कुठलं हवं?"

सर गाडी चालवत नाहीत.
सरांना गाडी लागते,
दोन्ही अर्थांनी.

सत्तावीस वर्षं मी सातपूरला
नोझलची भोकं तपासते.
एकेका टोकाला आठ, केसाच्या जाडीची.
थंडीत बोलताना तोंडातून वाफ निघावी
तसं त्यातून डिझेल सुटलं पाहिजे.
जरा बर दिसली की माल लाल पेटीत.
या दोन्ही गाड्यांची नोझलं माझ्याच टेबलावरून जातात,
पार्ट नंबरसुद्धा तोच.
पगारला हे सांगितलं नाही.

तेच लोखंड, तेच पिस्टन.
एकाला कॉम्प्युटरने सांगून ठेवलंय, एवढंच पी.
दुसऱ्याला, घे अजून.

आधी मोठी चालवली, गंगापूर रोडला.
अठराशे आरपीएमपर्यंत झोपेत होती,
मग अशी उसळली की भालचंद्रने
वरचं हँडल धरून डोळे मिटले.
शेजारचा बाइकवाला आरशात बारीक होत गेला.
मला आवडलं. खोटं कशाला बोलू.

मग लहान.
"जेहान सर्कलला वळसा घालून येऊ," पगार म्हणाला.
मी म्हटलं, सावळघाट.
"मॅडम, टेस्ट ड्राइव्ह सहा किलोमीटरची असते."
वरचं डिझेल माझं, म्हटलं,
आणि रिक्षातून आणलेली गव्हाची दोन पोती
त्याच्याच हातून डिकीत ठेवून घेतली.

पेठ रोड. रासेगाव मागे पडलं.
तिघं माणसं, दोन पोती, एसी चालू.
घाटात पुढे ट्रक,
गिरणाऱ्याचे टोमॅटो गुजरातला निघालेले.
वळणावर तिसरा टाकला
तर पंधराशेलाच गाडीने ओढ धरली,
चिखलात बैल खांदा देतो तशी, तक्रार नाही.
मग थोडा सरळ रस्ता दिसला.
बाहेर काढली.
पाय फळीला टेकला, पुढे दाबायला काही उरलं नाही
आणि समोरून एसटी.

परत ट्रकमागे.
चार वळणं मी कॅरेट मोजत होते.
दिसणारे बावन्न.
"बघ, मोठी असती तर..." भालचंद्र पुटपुटला.
मोठी असती तर एसटीच्या आधी निघालो असतो.
किंवा निघू, असं वाटलं असतं.
यातला फरक तपासायला
माझ्याकडे मायक्रोस्कोप नाही.

दोन हजार बारा साली साहेबांनी विचारलं होतं,
सुपरवायझर होता का?
मी नाही म्हटलं. घर, सासूबाई, रात्रपाळी.
तेव्हा वाटलं, आपल्यात तेवढा जोर नाही.
आज घाट उतरताना, दुसऱ्या गिअरमध्ये,
इंजिन आपोआप गाडी धरून ठेवत होतं
आणि मनात आलं,
मला तरी कुणी सांगून ठेवलं होतं, एवढंच पी?
सासूबाईंचं नाव घ्यावं तर
त्या बिचाऱ्या म्हणत होत्या, घे की गं.

शोरूमला परत आलो तेव्हा दिवे लागले होते.
पगारने फॉर्म भालचंद्रसमोर सरकवला,
भालचंद्रने माझ्यासमोर.
मी लिहिलं, एकशेदहा,
आकड्यात आणि अक्षरी.
"ओव्हरटेकला बेस्ट, मॅडम!"
म्हटलं, त्या ट्रकमागे मी तशीही थांबणार आहे.
त्याला कळलं नाही.
भालचंद्रला कळलं की नाही, माहीत नाही,
तो ब्रोशरमधला रंग बघत होता.

बाहेर रिक्षा उभी.
पगार दोन्ही पोती एकदम उचलायला गेला,
कानापर्यंत लाल झाला.
एकेक ने रे, म्हटलं.
घाई नाही.