गावाचं नाव

तीन वर्षं रोज पहाटे पाचला
आम्ही कासापाताला नमस्कार म्हणत होतो
आणि कासापातात तो कुणी घेत नव्हतं.

आम्ही मनोऱ्याला दोष दिला.
मी दोनदा वर चढलो,
आन्दिजचा वारा खिशातून हात घालून पाठीतून बाहेर निघत होता,
तारा घासल्या, बॅटऱ्या बदलल्या.
मग राजधानीतून एक शहाणा आला,
श्रोता आपलासा कसा करावा याचे छापील कागद घेऊन:
कार्यक्रम आवडतो का? हो. थोडा. नाही. खूण करा.
कागद खेचरांवरून गावोगाव गेले.
कासापाताहून खेचर तेवढं परत आलं.

बटाटे उघड्यावर गोठवायचे दिवस,
गुरुवार,
एर्मोखेनेस चोकेवांका नावाचा म्हातारा दोन दिवस चालून
स्टेशनच्या दारात उभा.
काखेत रेडिओ, पोत्यात गुंडाळलेला,
आजारी कोकरू आणावं तसा.
मी पान्हा शोधायला लागलो.
तो म्हणाला, "रेडिओ ठणठणीत आहे.
बिघाड तुमच्यात आहे."

आत एउलालिया बोलत होती, लाल दिवा चालू.
तिनं खुणेनं बसायला सांगितलं.
बसला नाही.
"रोज सकाळी कुठल्या कासापाताला हाका मारता?
त्या नावाचं गाव आमच्या डोंगरात नाही.
आमच्या गावाचा क घशात मोडतो,
वाळकी काटकी मोडावी तसा.
म्हणा बघू."

ती म्हणाली.
"ही ओली काटकी."
पुन्हा म्हणाली.
"ही तर मोडलीच नाही, वाकली."
लाल दिवा बंद करायला माझा हात पुढे गेला,
एउलालियानं तो तसाच धरून ठेवला.
सगळा प्रांत ऐकत होता:
शहरात शिकलेली, पदकवाली आमची निवेदिका
आठ वेळा चुकली,
नवव्यांदा हसली,
आणि हसता हसता कधी तो क मोडला
तिचं तिलाही कळलं नाही.
म्हातारा तेव्हा कुठे खाली बसला.
"आता नमस्कार पोचला," म्हणाला,
आणि चहा मागितला.

पुढच्या गुरुवारी चौघे आले.
त्याच्या पुढच्या गुरुवारी खुर्च्या संपल्या.
एक बाई केवळ आपल्या ओढ्याचं नाव सांगायला आली होती,
ओढा आटला होता, नाव चालू होतं.
एका पोरानं आपल्या लामांची नावं सांगितली, सगळ्या सव्वीस,
आम्ही हवामान रद्द केलं.
शहाण्याचे उरलेले कागद मी पाठकोरे वापरतो,
त्यांवर नावं उतरवतो, आणि नाव घशात कुठे अडतं
तिथे एक बारीक रेघ मारतो.

मला वाटलं होतं, म्हातारा आता खूष असेल.
परवा खेचरावरून त्याची चिठ्ठी आली,
कासापाताहून आलेली पहिली:
क बरा आहे.
पण मंगळवारी तुम्ही ऊन सांगितलंत
आणि माझे बटाटे गारपिटीत झोपले.
गुरुवारी येतो.