पुलाला हात लावून ये

फवारणीच्या ड्रोनची आम्हाला सवय होती.
सोयाबीनवर भुंगा फिरावा, तसा.
त्या रात्री तोच आवाज आला
आणि पिकाकडं कुणीच बघितलं नाही.

मोबाईलवर तेरणेचा पूल पडत होता,
पुन्हा पुन्हा, धुरासकट.
वर तलाठ्याचा आवाज,
हुबेहूब, खोकल्यासकट :
गाव सोडा.
मग रेंज गेली.

तलाठी इथंच होता,
समाजमंदिराच्या पायरीवर, तोंडात अर्धं पान,
स्वतःचंच बोलणं ऐकून पांढरा पडलेला.
"मी नाही," म्हणत होता. "अहो, मी नाही."
ट्रॅक्टर सुरू झाले होते.

सीमा इथून हजार कोस.
युद्ध एवढ्या लांबून येतं
आणि थेट उशाशी बसतं.

गोदाक्का बिराजदार आडवी आली,
त्र्याण्णवच्या पहाटे दगडांखालून काढलेली,
डावा कान तिथंच राहिलेली.
"पळू नका. आधी माणसं मोजा."

मग गल्लीगल्लीतून नावं.
कंदील नव्हता, बॅटऱ्या होत्या.
दोनशे अकरा. एक कमी.
तो गोठ्यात झोपलेला सापडला.

इस्माईल मुलाणीला ती म्हणाली,
"बघून येऊ नको. बघितलेलं खोटं असतंय आता.
पुलाला हात लावून ये."

उजाडताना तो परतला.
तळहाताला सिमेंटची भुकटी.
"गार आहे," एवढंच बोलला.

ड्रोन कुणाचा, ते अजून कळलं नाही.
तलाठी मात्र आता फोनवर
आधी आपल्या म्हशीचं नाव सांगतो,
मग कामाचं बोलतो.