हातचा

सतरा फूट पाच इंच :
आर्डिथ कायपरने दोरीला गाठ मारून ठेवली आहे.
ओळी अडीच फुटांवर असतील, तर
दोरीभर ओळ म्हणजे एकराचा हजारावा भाग.
दोरी अंथरायची, गुडघे टेकायचे, कोंब मोजायचे,
पुढे तीन शून्यं.

सेनेका तळ्यावरून येणारा वारा
मे अर्धा सरला तरी बोटं बधिर करतो.
डावीकडे गुलाबी बी, औषधाचा लेप लावलेलं.
उजवीकडे करडं, जिवंत बुरशीची पूड चोळलेलं.
‘बुरशीनेच बुरशी मरते,’ डेल ओस्ट्रँडर म्हणाला होता,
आणि एकरी चौदा डॉलर
पाकिटावर लिहून गेला होता.

चोवीस दाणे टाकलेले.
गुलाबी एकवीस. करडे एकोणीस.

पेरावं तसं उगवतं म्हणणाऱ्याने
गोड मका पेरला नसावा.
साखरेपायी पिठाला मुकलेला हा सुरकुतला दाणा
गार चिखलात दहा दिवस उपाशी पडतो,
आणि त्याची राखणदार बुरशी
त्याच थंडीत अजून झोपलेली.

दोन कोंब कमी. एकरी दोन हजार कणसं.
जुलैचा पहिला मका, रस्त्याकडेचं टेबल,
पैशांसाठी कॉफीचा डबा, डझनाला सहा डॉलर.
म्हणजे हजार डॉलर, थोडे कमी.

जूनच्या पेरणीत करडे बावीस,
गुलाबीपेक्षा एक जास्त.
पण तो मका येतो ऑगस्टात,
जेव्हा चर्चच्या पायरीवरही पिशव्या ठेवून जातात लोक,
कुणी नेईना म्हणून.

रात्री स्वयंपाकघरात ती बेरीज करते.
हातचा एक.
तो कुठे मिळवायचा, तेवढं सुचत नाही.

गुलाबी बी भरताना तिच्या हातात मोजे असतात,
आणि एमेट कुंपणापलीकडे.
करडं त्यानेच ओतलं होतं पेरणीयंत्रात,
अर्धं बाहेर सांडत, बाहीवर धूळ घेऊन,
आणि मग साबणाने हात धुताना
विचारलं होतं, बुरशीला गुदगुल्या होतात का.

पुढल्या वर्षाची मागणी :
मे, गुलाबी. जून, करडं.
घराजवळची पाव एकर : मे, करडं.
समोर पेन्सिलीने, खोट अडीचशे.

त्या दिवशी एमेटनेही दोरी धरून मोजले होते. तेवीस.
चार गवताचे होते.
आर्डिथने तेवीस लिहिले,
मग खोडून
एकोणीस.