शेवटचा आकडा

हिप्परग्याच्या बांधावर सकाळी सव्वासातला
सायकल आडवी टाकून
येमूलमामा दुर्बीण पुसतात, पंचाच्या टोकानं.
डावा डोळा लावतात. उजव्यात मोतीबिंदू.

पाण्यावर कुरव, एकशेचाळीसेक.
थंडीत डोक्याचा तपकिरी रंग उतरलेला,
कानामागे तेवढा काजळाचा ठिपका,
तान्ह्याला दृष्ट लागू नये म्हणून लावतात तसा.
"त्यो बघ. कडंवाला."
मला दिसतो नुसता पाय, तोही बुडालेला.

वही चादरीच्या कारखान्यातली,
हिशेबामागच्या कोऱ्या पानांवर:
मंगळवार. हिरवं कडं, पांढरी अक्षरं. पहिलं एच.
गुरुवार. मधला पाच. मग कुत्रं आलं.
आज रविवार,
आणि तो एका पायावर उभा.
दुसरा पोटात. नेमका कड्याचा.

मामा थांबतात.
बत्तीस वर्षं मागावर काढलेला माणूस,
तुटलेला धागा बोटाला लागेपर्यंत
धोटा हलवत नाही.
"आमाला बी बिल्ला होता," मध्येच म्हणतात,
"चारशे एकोणीस. गेटवर नाव कोण इचारतंय."

थर्माकोलच्या तराफ्यावरून कोळी जाळं ओढायला येतो
आणि सगळं पाणीच उडतं वर.
क्षणभर पाय सुटे, कडं उन्हात—
तीन? की आठ?

आठच असेल, मी म्हणतो, लिहून टाका.
मामा पेन्सिल जिभेला लावतात,
शेवटच्या जागी टिंब देतात.
"लांब कुठंतरी कुणी हातात धरून घातलंय ते.
त्याला खोटं कळवू?"

वही कॅरियरला बांधून आम्ही निघतो.
मामा वळून बघत नाहीत.
मी बघतो.