तांबडी पट्टी

वाघबीळच्या वळणावर बस थांबली
तेव्हा आंबीबाई म्हणाल्या, खालून वर वाचा.
सगळ्यांनी वह्या काढल्या.
मी कडा बघितला आणि मला घण ऐकू आला.

टोपच्या खाणीत अप्पा दगड आधी वाजवून बघायचे,
कलिंगड वाजवतात तसा.
ठण्ण. हा काळा, जोत्याला चालेल.
ठक. ह्याच्या पोटात भेग.
आणि एखादा नुसताच भद्द:
मांजऱ्या. भोकाभोकांचा, आत पांढरं भरलेला.
"ह्याला कोन इचारत न्हाई," म्हणत बाजूला टाकायचे
आणि त्यातलाच एक फोडून
तंबाखूच्या डबीतनं माझ्यासाठी आणायचे
साखरेसारखे खडे.
मी एकदा चाटूनही बघितले.

बाई सांगत होत्या:
लाव्हा गार होताना हवेचे बुडबुडे अडकले,
मग पाणी झिरपत राहिलं, लाखो वर्षं,
आणि त्या रिकाम्या खोल्यांत स्फटिक राहायला आले.
परीक्षेला येतं हे, म्हणाल्या.
मला डबीचा वास आला.

मग त्यांनी काठी टेकवली
दोन काळ्या थरांमधल्या तांबड्या पट्टीवर.
हातभरसुद्धा नव्हती.
एक लाव्हा येऊन गेलेला, दुसरा यायचा होता,
मधल्या काळात दगडाची माती झाली
आणि पुढच्यानं ती भाजून काढली.
एवढंच. पाच मिनिटं.
मग सगळे चहाला गेले.

संध्याकाळी अप्पा पायरीवर पाय धूत होते.
त्यांना पट्टीचं सांगितलं.
"गेरू हाय त्यो," म्हणाले,
"हिरीत तितवर गेलं की सुरुंग बंद करायचा.
पानी त्याच्या डोक्यावर बसलेलं असतंय."
मग तांब्या तसाच हातात.
"काळा थर पडायला किती दिस लागलं म्हनतीस?"
थोडेच. वर्ष, दोन वर्षं, कदाचित दहा.
"आनि ह्या टीचभर गेरूला?"
हजारो.
पाणी पायावरून ओघळून वाळत आलं.
"म्हंजी तवर गवत आलं असंल," अप्पा म्हणाले.
"कायतरी येऊन चरून गेलं असंल."

हे बाईंनी सांगितलं नव्हतं.

रात्री वहीत कडा काढला.
माथ्यावर पन्हाळ्याचा जांभा, खाली थरावर थर,
आणि पट्टीसाठी घरात लाल पेन्सिल नव्हती
म्हणून चुलीपुढची वीट घासली.
कडेला एक रकाना होता, स्थानिक नाव.
बाकीच्यांनी तो कोराच सोडला होता.
मी लिहिलं: काळा. मांजऱ्या. गेरू.

सोमवारी वही परत आली.
मांजऱ्याभोवती शाईचं वर्तुळ
आणि बाईंचं बारीक अक्षर:
हे कुणी सांगितलं? त्यांना भेटता येईल का?

अप्पांना वाचून दाखवलं.
दोनदा वाचायला लावलं त्यांनी.
मग म्हणाले, "यिऊ दे की.
पर चप्पल नगं म्हनावं, बूट घालून.
हितं खपल्या लागत्यात."